रोमा चित्ता अपेर्ता: तुकड्यांची फिल्म, ९९ की १०३ मिनिटं, आणि सबटायटल्स

मॅटिनी

मंडळी, रोबेर्तो रोसेलिनीचा ‘रोमा चित्ता अपेर्ता’ हा जर्मनांच्या ताब्यातल्या रोममधल्या प्रतिकाराचा इटालियन चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात दाखवायचा आहे. पंचवीस-तीस जण असतील. नववास्तववाद (युद्धाच्या सुमारास इटलीत आलेली, साध्या माणसांचं खरं जगणं दाखवणारी चित्रपटांची लाट) हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलाय, पण त्यातले चित्रपट फारसे कुणी पाहिलेले नाहीत. तयारी करताना काही ठिकाणी घोडं अडलंय.

जवळजवळ प्रत्येक लेखात एकच गोष्ट सापडते: युद्धामुळे फिल्म मिळेना, म्हणून रस्त्यावरच्या फोटोग्राफरांकडून उरलेसुरले तुकडे विकत घेतले, ते जोडून चित्रपट काढला आणि म्हणून तो इतका खरबरीत दिसतो. हे कितपत खरं? दुसरं म्हणजे हाताशी दोन प्रती आहेत, एक ९९ मिनिटांची आणि एक १०३ मिनिटांची. चार मिनिटं कापलीत का? कापली असतील तर कुठली? तिसरं, यातलं खऱ्या जागी किती चित्रित झालंय आणि सेटवर किती? नायिका पिना रस्त्यावर धावते तो भाग आणि गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या कचेरीतला भाग हे दोन वेगळ्या चित्रपटांतले वाटतात. शेवटचं, मराठी सबटायटल्स करायला घेतली आहेत. पात्रं इटालियन बोलतात, मधेच जर्मन, आणि इटालियनही पुस्तकी नाही. काय करावं?

कथानक ठाऊक आहे, त्यामुळे शेवट फुटेल म्हणून हात राखून लिहू नका.

धुलाईघर

तुकड्यांपासून सुरुवात करतो. ती गोष्ट सांगायला छान आहे, पण निगेटिव्ह तसं सांगत नाही.

१९९५ मध्ये रोमच्या चिनेतेका नात्सिओनाले या संग्रहालयाने चित्रपट रिस्टोअर केला, तेव्हा मूळ निगेटिव्ह तपासली गेली. त्यात फिल्मचे फक्त तीन प्रकार निघाले. बाहेरच्या सगळ्या दृश्यांना फेर्रानिया सी-६, आणि आतल्या दृश्यांना आग्फा सुपर पॅन व आग्फा अल्ट्रा रॅपिड, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या जास्त संवेदनशील फिल्म्स. कोणत्या दृश्याला कोणती फिल्म, हे नीट ठरवून वापरलेलं दिसतं. छायालेखक उबाल्दो अराता हा मुरलेला माणूस होता, १९३८ च्या ‘लुचानो सेर्रा पिलोता’सारखा मोठा चित्रपट त्याने चित्रित केला होता. मिळेल तो तुकडा कॅमेऱ्यात कोंबायचा, असं काम त्याचं नव्हे.

टंचाई मात्र शंभर टक्के खरी. चित्रीकरण जानेवारी १९४५ मध्ये सुरू झालं. रोम ४ जून १९४४ ला मुक्त झालं होतं, पण फेर्रानियाचा कारखाना उत्तरेला लिगुरियात, अजून जर्मनांच्या ताब्यातल्या भागात. आग्फा तर जर्मनीचीच. ताजा माल येणार कुठून? रोममध्ये आधीपासून पडून होता तेवढाच, आणि तोही चढ्या भावाने.

मग खरबरीतपणा आला कुठून? मुख्यतः धुलाईतून. रिस्टोअर करताना तीन दोष हाती लागले: डेव्हलपरमध्ये फिल्म ठेवण्याची वेळ सारखी नव्हती, द्रावण पुरेसं हलवलं गेलं नव्हतं आणि फिक्सिंग अपुरं होतं. पडद्यावर हे वेगवेगळं दिसतं. वेळ कमी-जास्त झाली की एकाच प्रसंगातला एक शॉट करडा आणि पुढचा कडक काळा-पांढरा येतो. द्रावण स्थिर राहिलं की फिल्मजवळचं रसायन वापरून संपतं, तिथे ताजं येत नाही, आणि चौकटीच्या एका भागात उजेड-अंधाराचे ढग उमटतात. फिक्सिंग कच्चं राहिलं की न वापरलेली चांदी फिल्ममध्येच उरते आणि वर्षं जातील तसा डाग नि धुरकटपणा वाढत जातो. म्हणजे आज दिसणारा सगळा धुरकटपणा १९४५ च्या प्रेक्षकाने पाहिलेलाच नाही.

वर्गात दाखवण्याजोगी खूण सांगतो. फिल्मचे तुकडे जोडलेले असते तर पोत जोडावर बदलला असता. इथे कितीतरी ठिकाणी एकाच अखंड शॉटच्या मधे उजेड श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. जोड नसताना झालेला असा बदल टाकीतला, दुकानातला नव्हे.

तिसरी_घंटा

९९ आणि १०३ चं कोडं सोपं आहे. बहुधा काहीही कापलेलं नाही.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. युरोपातल्या पाल पद्धतीच्या टीव्ही आणि डीव्हीडीसाठी तो सरळ २५ चौकटींनी पळवत. १०३ भागिले २५ गुणिले २४ केलं की ९८.९ येतात. झाली चार मिनिटं गायब. खात्री करायची असेल तर फाइलच्या माहितीत चौकटींचा वेग पाहा. २५ असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पहिल्या संवादापासून शेवटच्या संवादापर्यंतचा वेळ दोन्ही प्रतींत मोजा. गुणोत्तर ०.९६ आलं तर निव्वळ वेग बदललाय. त्यापेक्षा कमी आलं तरच कात्री चालली आहे असं समजा, आणि मग दहा-दहा मिनिटांचे टप्पे ताडून कुठे ते शोधा.

२५ च्या प्रतीत आवाजही चढतात, साधारण पाऊण सेमीटोनने. आल्दो फाब्रित्सीचा जाड, जरा दमलेला आवाज हे डॉन पिएत्रो या पाद्र्याचं अर्धं पात्र आहे, तो बारीक झालेला ऐकू नये. १०३ ची प्रत दाखवा. बोलोन्याच्या लिम्माजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत नंतर डिजिटल रिस्टोअर झालेली प्रत मिळाली तर उत्तमच.

चौकटीचा आकार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ प्रमाण १.३७ ला १. म्हणजे १०८० रेषांच्या पडद्यावर चित्र १४८० पिक्सेल रुंद आणि दोन्ही बाजूंना २२०-२२० च्या काळ्या पट्ट्या. पट्ट्या दिसत नसतील तर दोनच शक्यता. चित्र आडवं ताणलंय, मग माणसं बुटकी दिसतात. किंवा वरून-खालून कापलंय, मग उंचीचा जवळजवळ २३ टक्के भाग गेला. प्रोजेक्टरवर ‘फुल’ किंवा ‘झूम’ लावलेलं राहून गेलं की हेच होतं. शेवटच्या दृश्यात मुलं शहराकडे चालत जातात आणि मागे सेंट पीटर्सचा घुमट असतो, तिथे थांबवून पाहा. घुमटाला डोक्यावर आकाश हवं.

आणि प्रोजेक्टरमधलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, ‘नॉइज’ समजून फिल्मचा दाणा पुसणारं सेटिंग, शार्पनेस, सगळं बंद. दाणा पुसला की चेहरे मेणाचे होतात.

काळापांढरा

जागांबद्दल. ‘सगळं रस्त्यावर चित्रित’ हेही फिल्मच्या तुकड्यांचंच भावंड आहे.

चिनेचित्ता स्टुडिओत तेव्हा निर्वासित राहत होते, म्हणून व्हिया देल्यी आव्हिन्योनेसी या रस्त्यावरच्या एका जागेत तात्पुरता स्टुडिओ उभा केला. गेस्टापोची कचेरी, तिला लागून असलेली छळाची खोली, अधिकाऱ्यांचा दिवाणखाना हे सगळं तिथलं. बाहेरचं खरं आहे. पिनाची इमारत आणि ती पडते तो रस्ता म्हणजे प्रेनेस्तिनो भागातला व्हिया राइमोन्दो मोन्तेकुक्कोली. डॉन पिएत्रोचं चर्च म्हणजे व्हिया कासिलिनावरचं सांतेलेना. सुरुवातीचा छापा पियात्सा दी स्पान्यावर, आणि प्रतिकारातला कम्युनिस्ट इंजिनियर मॅनफ्रेदी याचं छपरावरून निसटणं पटकथाकार सेर्जिओ आमिदेईच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेलं.

पण दोन भाग वेगळे वाटतात याचं कारण फक्त सेट आणि रस्ता एवढंच नाही. गेस्टापोप्रमुख बेर्गमानच्या कचेरीची रचना नीट पाहा. मधे त्याचं टेबल. एक दार उघडलं की मॅनफ्रेदीचा छळ. दुसरं दार उघडलं की पियानो, पत्ते, दारू. प्रत्यक्षात कुठलीही पोलीस कचेरी अशी बांधलेली नसते, ही नाटकाची रंगभूमी आहे. बेर्गमान चार पावलांत एका जगातून दुसऱ्यात जातो आणि प्रत्येक वेळी दार लावून घेतो. छळ आपण जवळून फार थोडा पाहतो. बराचसा दारापलीकडून ऐकतो आणि डॉन पिएत्रोच्या चेहऱ्यावर पाहतो. तेही त्याचा चष्मा फुटलेला, म्हणजे त्यालाही पलीकडचं धड दिसत नाही.

रस्त्यावर याच्या उलट. तिथे दारं नाहीत, काहीच झाकता येत नाही.

पिनाचा प्रसंग वर्गात उलगडायचा तर तिच्या धावण्यापासून सुरू करू नका, दहा मिनिटं मागे जा. इमारतीला वेढा पडलाय. डॉन पिएत्रो आणि पिनाचा मुलगा मार्चेल्लो मरणासन्न म्हाताऱ्याला अंत्यविधी द्यायच्या मिषाने वर जातात, कारण वर शस्त्रं लपवलेली आहेत. म्हातारा ठणठणीत, मरायला अजिबात तयार नाही. शिपाई आत येतात तेव्हा मात्र तो निपचित पडलेला. मग कळतं, पाद्र्याने तळणीने त्याच्या डोक्यात हाणलीय. प्रेक्षक हसतो. ते हसू ओठांवर असतानाच खाली अंगणात पिनाच्या होणाऱ्या नवऱ्याला, फ्रान्चेस्कोला ओढत नेतात, पिना शिपायाला झिडकारून सुटते, ट्रकमागे धावते आणि गोळ्यांची फैर.

आता मोजून पाहा. गोळी झाडणाऱ्याचा चेहरा नाही. पिनाच्या चेहऱ्याचा क्लोज-अप नाही. मरताना बोललेलं वाक्य नाही. ती धावते आणि पुढच्या क्षणी डांबरावर पडलेली असते, मोजा वर दिसतोय. मार्चेल्लो पांढऱ्या झग्यात तिच्यावर जाऊन कोसळतो, डॉन पिएत्रो त्याला बाजूला करून तिला मांडीवर घेतो. नायिका जवळजवळ चित्रपटाच्या मध्यावर गेली, आणि पुढे चित्रपट तिच्यासाठी थांबतही नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला अन्ना मान्यानीसारखी नटी अशी अर्ध्यावर जाईल याची कल्पनाच नव्हती.

अवांतर: ‘हौशी नटांचा चित्रपट’ हेही वर्गात सांगू नका. मान्यानी आणि फाब्रित्सी दोघंही विनोदी रंगमंचावर गाजलेले, आणि १९४३ च्या ‘काम्पो दे फिओरी’त एकत्र काम केलेले. तळणीचा विनोद इतका अचूक बसतो तो त्यांच्यासारख्यांच्या तालमीमुळे. हौशी म्हणावं तर मुलं आणि गर्दी. बेर्गमान झालेला हॅरी फाइस्ट मुळात नर्तक होता, आणि ते कळल्यावर त्याच्या चालण्याकडे लक्ष जातंच.

ओळखपरेड

काळापांढरा यांच्या प्रतिसादात इतिहासाची भर घालतो, कारण वर्गात ‘हे खरं घडलं का?’ हा प्रश्न येणारच.

नावापासून सुरुवात करा. ‘चित्ता अपेर्ता’ म्हणजे खुलं शहर, ज्याचं लष्करी रक्षण केलं जाणार नाही आणि म्हणून ज्यावर हल्ला होऊ नये असं जाहीर केलेलं शहर. १९ जुलै १९४३ ला सान लोरेन्सो भागावर मोठा बॉम्बहल्ला झाला, १३ ऑगस्टला पुन्हा, आणि १४ ऑगस्टला इटलीच्या सरकारने रोम खुलं शहर असल्याचं एकतर्फी जाहीर केलं. दोस्त राष्ट्रांनी ते मानलं नाही. ८ सप्टेंबरला शस्त्रसंधी जाहीर झाली, दोनच दिवसांत जर्मनांनी शहर ताब्यात घेतलं आणि त्यानंतर नऊ महिने हे ‘खुलं’ शहर त्यांच्या मुठीत होतं. म्हणजे शीर्षकातच टोमणा आहे. अमेरिकन खरंच आहेत का, असा प्रश्न चित्रपटात निघतो आणि बॉम्बने पडलेल्या इमारतीकडे बघून ‘दिसतं तर तसंच’ अशा अर्थाचं उत्तर येतं. हा विनोद कळायला वरची पार्श्वभूमी हवी.

पात्रांचं म्हणाल तर, डॉन पिएत्रो दोन पाद्र्यांपासून बनलाय. डॉन जुझेप्पे मोरोसिनी यांना ३ एप्रिल १९४४ ला फोर्ते ब्राव्हेत्ता इथे गोळ्या घातल्या. डॉन पिएत्रो पाप्पागाल्लो २४ मार्च १९४४ ला फोस्से आर्देआतिनेच्या खाणीत मारले गेलेल्या ३३५ जणांत होते. आदल्या दिवशी व्हिया रासेल्लात प्रतिकार गटाने केलेल्या स्फोटाच्या बदल्यात ते हत्याकांड झालं. पिना म्हणजे तेरेसा गुल्लाचे. ३ मार्च १९४४ ला व्हियाले जूलिओ चेझारेवरच्या बराकीसमोर, पकडून ठेवलेल्या नवऱ्याला भेटायचा प्रयत्न करताना तिला गोळी घातली गेली. तीही गरोदर होती. चित्रपटाने ती जागा बदलून कामगार वस्तीत आणली आणि नवऱ्याच्या जागी त्याच दिवशी लग्न होणार असलेला माणूस ठेवला. बेर्गमानची कचेरी म्हणजे व्हिया तास्सो, रोममधल्या जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हेर्बर्ट काप्लर याचा अड्डा. तिथे आज मुक्तिलढ्याचं संग्रहालय आहे.

पावाच्या दुकानावर बायका तुटून पडतात तो प्रसंगही हवेतला नाही. मार्च १९४४ मध्ये रोममधला रोजचा पाव माणशी १०० ग्रॅमवर आला होता. हा आकडा आधी सांगितला, तर सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चचा सेवक, आधी नाक मुरडतो आणि मग स्वतःच पाव घेऊन निघतो यातली गंमत पोचते.

आता तक्रार. व्हिया रासेल्ला आणि फोस्से आर्देआतिने, म्हणजे त्या नऊ महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या घटना, चित्रपटात नाहीत. इटालियन फासिस्ट फार स्वस्तात सुटतात: पोलीसप्रमुख आहे, पण बेर्गमानसमोर हुजऱ्यासारखा. डॉन पिएत्रोवर गोळ्या झाडायला उभे केलेले इटालियन शिपाई मुद्दाम नेम चुकवतात आणि शेवटी जर्मन अधिकारी हार्टमान पिस्तुलाने काम उरकतो. दुष्ट ते सगळे जर्मन, त्यातही विकृत, नशेबाज. स्वतः रोसेलिनीने १९४१ ते १९४३ दरम्यान फासिस्ट राजवटीतच युद्धाचे तीन चित्रपट केले होते हे लक्षात घेतलं, की हा सोयीस्करपणा डोळ्यांत खुपतो.

काळापांढरा

‘सोयीस्कर’ याच्याशी अर्धा सहमत. गोळीबाराच्या तुकडीचा प्रसंग मोरोसिनींच्या शेवटावरून घेतलेला आहे. तिथेही तुकडीतल्या अनेकांनी नेम चुकवला आणि अधिकाऱ्याने जवळून गोळी घातली, असंच सांगितलं जातं. तेव्हा तो निव्वळ इटालियनांना धुऊन काढण्यासाठी रचलेला नाही.

शिवाय तारखा पाहा. जानेवारी १९४५ मध्ये कॅमेरा सुरू झाला तेव्हा मिलान आणि तोरिनो अजून जर्मनांकडे होती. तिथला उठाव २५ एप्रिलचा. म्हणजे रोममध्ये नट धरपकडीचा अभिनय करत होते, आणि उत्तरेत खरी धरपकड चालू होती. प्रतिकाराच्या राष्ट्रीय समितीत कम्युनिस्टांपासून कॅथलिकांपर्यंत सहा पक्ष मांडीला मांडी लावून बसलेले. कम्युनिस्ट इंजिनियर आणि पाद्री एकाच लढ्यात मरतात, ही त्या चार महिन्यांतली गरज होती. वर्षभराने हाच चित्रपट असा निघाला नसता.

हार्टमानवर मात्र थांबा. आदल्या रात्री दारूच्या नशेत तोच म्हणतो की आम्ही युरोपभर प्रेतं पेरलीत आणि त्यातून द्वेषच उगवणार. सकाळी शुद्धीवर आल्यावर पिस्तूल चालवतो तोही तोच. नशेत माणूस आणि शुद्धीत अधिकारी. याला एकरंगी म्हणणं जड जातं.

ओळखपरेड

हार्टमानचा मुद्दा मान्य. बेर्गमान आणि त्याची हस्तक इंग्रिड यांच्याबद्दल माझं मत कायम. फरकोट देऊन मॅनफ्रेदीच्या मैत्रिणीला, मारीनाला फितवायचं, आणि ती बेशुद्ध पडल्यावर तोच कोट अलगद उचलून परत घ्यायचा, हे मेलोड्रामातलं कारस्थान आहे, व्हिया तास्सोतलं नव्हे.

काळापांढरा

मेलोड्रामा आहेच. रेन्सो रोसेलिनीचं, म्हणजे दिग्दर्शकाच्या भावाचं पार्श्वसंगीत ऐका, वाद्यवृंद कुठेही हात आखडता घेत नाही. नववास्तववाद म्हणजे संगीत नाही, कट नाही, रचलेलं काही नाही, ही व्याख्या नंतरच्या पुस्तकांची. या चित्रपटाला ती लावली तर अर्धा चित्रपट बाद होईल.

मॅटिनी

सगळ्यांचे आभार. २५ चौकटींचा उलगडा तंतोतंत जुळला, लहान प्रत पालचीच निघाली. वर्गासाठी १०३ ची प्रत घेतोय.

पण आता नवा घोळ. सबटायटल्सची वेळ मी लहान प्रतीवर बसवली होती. मोठ्या प्रतीवर ती सुरुवातीला ठीक चालतात आणि मग माणसाने तोंड उघडायच्या आत पट्टी येऊन जाते. आणि भाषेचा प्रश्न राहिलाच.

तिसरी_घंटा

घोळ अपेक्षित. सगळ्या ओळी पुढे-मागे सरकवून तो सुटणार नाही, कारण फरक वाढत जातो: तासाला २ मिनिटं २४ सेकंद. प्रत्येक वेळ २५ भागिले २४ ने, म्हणजे १.०४१६७ ने गुणा. सबटायटलच्या कुठल्याही संपादकात चौकटींचा वेग बदलायची सोय असते, तिथे २५ वरून २४ करा. त्यानंतर पहिला संवाद जुळवून एकदाच सगळं सरकवा. क्रम उलटा केलात तर सरकवलेलं अंतरही गुणलं जाईल.

एवढं करूनही शेवटी शेवटी सहाएक सेकंदांचा फरक उरला, तर तुमची प्रत २४ ची नसून २३.९७६ ची आहे. तिथे तासाला ३.६ सेकंद जातात.

ओठ आणि आवाज यांची मात्र फार ओढाताण करू नका. चित्रीकरण मुकं झालंय, आवाज सगळा नंतर स्टुडिओत भरलेला. काही ठिकाणी मूळ प्रतीतच ओठ जुळत नाहीत. पट्टी आवाजावर बसवा, ओठांवर नको.

सावकाश_वाचा

भाषेबद्दल.

जर्मन आणि इटालियन एकाच पद्धतीने उतरवू नका. जर्मन अधिकारी आपसांत जर्मन बोलतात आणि इटालियनांशी इटालियन. बेर्गमान चौकशी करतो ती इटालियनमध्ये, आणि मधेच वळून हाताखालच्याला जर्मनमध्ये हुकूम सोडतो. समोरच्या कैद्याला तो हुकूम कळलाच असेल असं नाही. प्रेक्षकाला मात्र कळला, तर प्रसंगाचा ताण बदलतो. जर्मन ओळी तिरक्या अक्षरांत द्या, आणि रस्त्यावर नुसत्या ओरडल्या जाणाऱ्या आज्ञा सोडून द्या. छापा पडतो तेव्हा इमारतीतल्या बायकांना शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. प्रेक्षकालाही तेवढंच कळू दे.

दुसरं, संबोधनं. ‘डॉन’ म्हणजे पाद्र्याच्या नावाआधीचा आदर. मराठी प्रेक्षकाला डॉन म्हटलं की भलताच माणूस आठवतो, म्हणून तुम्ही ‘फादर पिएत्रो’ लिहाल. लिहा, पण मग पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवा, कारण कानावर ‘दोन पिएत्रो’ पडत राहणार आणि पट्टीवर दोन्ही आलं तर माणसं दोन वाटतील. शेजारपाजारचे पिनाला ‘सोरा पिना’ म्हणतात. हे रोमच्या बोलीतलं, वस्तीतलं संबोधन आहे. ‘श्रीमती पिना’ केलंत तर वस्ती मेली. ‘पिनाबाई’ चपखल बसतं.

इटालियनमध्ये ‘तू’, ‘व्होई’ आणि ‘लेई’ असे तीन पदर आहेत. आदरार्थी ‘लेई’ काढून टाकून सगळीकडे ‘व्होई’ वापरा, असा फतवा फासिस्ट राजवटीने १९३८ मध्ये काढला होता, म्हणून कोण काय वापरतो याला त्या काळात वजन होतं. इंग्रजी सबटायटल्सवरून भाषांतर करत असाल तर हे सगळं एका ‘यू’मध्ये सपाट झालेलं मिळेल. मराठीला तू, तुम्ही, आपण हाताशी आहेत, तर फुकट का घालवायचे? मूळ आवाज ऐकून ठरवा. पिना-फ्रान्चेस्को जिन्यात बसून बोलतात तिथे ‘तू’, दोन्हीकडून. बेर्गमान मॅनफ्रेदीशी सुरुवातीला सभ्यपणे बोलतो तिथे ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ ठेवलंत, तर त्या सभ्यतेचीच भीती वाटते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. दोन ओळींपेक्षा जास्त नको. पट्टी किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. वाचायला सेकंदाला पंधराच्या आसपास अक्षरं धरा, आणि देवनागरीत मात्रा-वेलांट्या संगणक वेगळ्या मोजतो, म्हणून त्याच्या आकड्यावर न विसंबता एकदा मोठ्याने वाचून बघा. छळाच्या प्रसंगात संवाद तुटक आहेत, तिथे जागा भरपूर. अवघड जातात ते जिन्यातले आणि स्वयंपाकघरातले प्रसंग, जिथे तीन माणसं एकमेकांची वाक्यं तोडतात. तिथे सगळं उतरवायचा हट्ट सोडा, कोण कोणावर खेकसतंय तेवढं पोचलं तरी पुरे.

फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसतील. जोडाक्षरं फुटतात का हे ज्या यंत्रावर दाखवणार त्याच यंत्रावर बघा. ‘प्रतिकार’चं ‘प्‌रतिकार’ झालेलं सगळ्यांसमोर कळण्यात मजा नाही. ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते.

आणि रंग. नुसती पांढरी अक्षरं ठेवू नका. मार्चेल्लो पांढऱ्या झग्यात आईवर कोसळतो तिथे चौकटीचा खालचा भागच पांढरा आहे, अक्षरं त्यात बुडतात. दोन-तीन पिक्सेलची काळी कड द्या. त्या शॉटला तर पट्टीच नको. मुलगा ‘मम्मा’ म्हणून ओरडतोय, त्याचं भाषांतर कुणाला हवंय?

मॅटिनी

पिनाबाई! हे सुचलंच नसतं. वेग बदलल्यावर ओळी जुळल्या.

शेवटची शंका: जागेच्या नियमामुळे मधे दहा मिनिटं थांबावं लागणार आहे. पिना पडते तिथे मध्यंतर घ्यावं असं बहुतेकांचं म्हणणं आहे. मध्यही जवळपास तिथेच येतो.

धुलाईघर

मला तिथे घेणं पटत नाही, पण कारण तांत्रिक आहे. पिना पडल्यानंतर लगेच कैद्यांच्या ट्रकवर प्रतिकार गटाचा हल्ला येतो आणि फ्रान्चेस्को सुटतो. ती गेली नसती तर तासाभरात दोघं भेटले असते. हे दोन प्रसंग एकमेकांना चिकटलेले असले तरच ते कळतं. मधे चहा झाला की हल्ल्याचा प्रसंग नुसती चकमक उरते.

काळापांढरा

+१. हल्ला संपू दे. पुढे खानावळीचा प्रसंग सुरू होतो, तिथली हवाच वेगळी आहे. त्याच्या पहिल्या शॉटआधी थांबवा. फक्त दिवे एकदम लावू नका.

आणि मध्यंतरात कुणी विचारलंच तर सांगायला एक गोष्ट: १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांना विभागून दिला गेला. त्यात हा होता आणि चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही होता.